मोबाइलने धरलेली मान घरच्या घरी हाताने कशी सोडवायची

मोबाइल बघून बघून मान भरून आली की हात आपोआप मागे जातो आणि मान व खांदा यांच्यामधली जाड पट्टी मुठीत धरून दाबू लागतो. घरातल्या कुणाला "जरा चेपून दे" म्हटलं तर तोही तिथंच दाबतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, तासाभरात ठणका परत येतो. ही पट्टी म्हणजे ट्रॅपेझिअस स्नायूचा वरचा भाग. ओरडते ती, पण गाडं अडलेलं असतं दुसरीकडे: कवटीच्या खालच्या कडेला, खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्यात, छातीच्या पुढच्या बाजूला आणि दोन फऱ्यांच्या मधल्या पाठीत. त्या पट्टीचाही नंबर पुढे येतो, पण तिसरा.

माणसाचं डोकं साधारण साडेचार ते साडेपाच किलोचं असतं. भरलेली कळशी कडेवर घेणं आणि तीच हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच डोकं खांद्यांच्या वर असण्यात आणि पुढे लोंबण्यात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबात मान ६० अंश झुकली की तिच्यावर सुमारे २७ किलोचा भार येतो असं मांडलं होतं. तो आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतो. तो संगणकावर मांडलेला हिशेब आहे, कुणाच्या मानेत काटा बसवून केलेलं मोजमाप नव्हे. शिवाय नुसत्या कोनाला दोष देऊन भागत नाही. भाजी निवडताना, भांडी घासतानाही मान तेवढीच वाकते. पण भाजी निवडणारी मान मिनिटाला दहादा हलते. रील्स बघणारी पाऊण तास जागची हलत नाही, हलतो तो फक्त अंगठा. स्नायू सतत अर्धवट आवळलेला राहिला की त्यात गाठीसारखे दुखरे बिंदू तयार होतात. फिजिओथेरपीत त्यांना ट्रिगर पॉइंट म्हणतात. हाताने करायच्या उपचाराचं काम एवढंच, की हे बिंदू आणि आखडलेले सांधे काही तासांपुरते सैल करायचे. त्या काही तासांत काय करायचं ते शेवटी येतं, आणि बहुतेक घरांत नेमकं तेवढंच राहून जातं.

हात लावण्याआधी

खालच्यापैकी एकही गोष्ट असेल तर घरी काही करायचं नाही.

अपघात, पडणं किंवा गाडीला मागून धडक बसल्यानंतर सुरू झालेली मानदुखी. ताप आणि मान ताठ, हनुवटी छातीला टेकत नाही: त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. एका बाजूची अचानक, आजवर कधी झाली नाही अशी मानदुखी किंवा डोकेदुखी, तिच्याबरोबर चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलणं अडखळणं, गिळायला त्रास, चेहरा बधिर होणं, चालताना तोल जाणं: इथं थांबायचंच नाही, १०८ लावायचा. शर्टाची बटणं लावताना बोटं चुकणं, हातातून वस्तू निसटणं, पाय जड पडणं, लघवीवरचा ताबा सुटणं ही मज्जारज्जूवर दाब येत असल्याची खूण असू शकते. कोपराच्या खाली उतरणारी कळ, बोटांत मुंग्या, हाताची ताकद कमी झालेली असेल तर आधी तपासणी. रूमेटॉइड संधिवात, ठिसूळ हाडं, बरेच महिने चालू असलेलं स्टेरॉइड, कॅन्सरचा इतिहास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डाउन सिंड्रोम असतानाही तेच. रात्री झोपेतून उठवणारं आणि कुशी बदलूनही कमी न होणारं दुखणं, कारण नसताना घटणारं वजन, हेही डॉक्टरांचंच काम.

यातलं काही नसेल तर ताठ बसवून मान हळूहळू डावीकडे आणि उजवीकडे वळवायला सांगा. सरळ समोर आणि खांद्याची रेघ यांच्या मधोमधपर्यंतही, म्हणजे ४५ अंशही, मान वळत नसेल तर आज अंगठा लावायचा नाही; शेक आणि शेवटी सांगितलेलं हलकं काम तेवढं. वळत असेल तर शिंप्याची टेप घ्या. मान जाईल तितकी वळवून हनुवटीच्या टोकापासून खांद्याच्या बाहेरच्या हाडापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. "बरं वाटतंय" हे फसवं असतं, आकडा फसवत नाही. डावी-उजवीत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक दिसला तर ज्या बाजूला मान कमी वळते ती लक्षात ठेवा.

जागा, तेल, जोर

मऊ गादीवर हे काम होत नाही, कारण दाबलं की माणूस गादीत जातो आणि जोर वाया जातो. जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर घडी घातलेली रजई पुरते. दाबणाऱ्याची नखं कापलेली हवीत, अंगठी काढलेली हवी. आधी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १० ते १५ मिनिटं मानेच्या मुळाशी ठेवा. तेल आठ-दहा थेंबच, कुठलंही चालेल. वाटीभर तेल ओतून रगडण्याची सवय असते ना, तिचा इथं उपयोग नाही. बोट घसरतं आणि दाब एका जागी टिकत नाही. ज्या कृतीत नुसता धरून दाब द्यायचा आहे तिथं तेल लावूच नका.

जोर शिकायला स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. अंगठा काट्यावर ठेवून एक किलो, दोन किलो, तीन किलो दाबून बघा आणि तो अंदाज हातात बसू द्या. चार किलोच्या आसपास अंगठ्याचं नख पांढरं पडतं. घरी करताना मर्यादा तिथंच. दाबताना फक्त बोटांनी जोर काढला तर पाच मिनिटांत अंगठ्याचा सांधा दुखायला लागतो, म्हणून कोपर सरळ ठेवून अंगाचा भार हळूहळू टाकायचा. दुसऱ्या हाताचा अंगठा पहिल्यावर ठेवला तर आणखी सोपं.

समोरच्याला दहापैकी किती दुखतंय ते विचारत राहायचं. सहाच्या आसपास ठीक. "चांगलं दुखतंय, तिथंच आहे" असं तो म्हणतो ती जागा बरोबर. श्वास रोखला, खांदे आवळले, पायाची बोटं वळवली, की जोर जास्त झाला, मग तोंडाने तो काहीही म्हणो.

मानेच्या पुढच्या बाजूला, गळ्याच्या घाटीच्या आजूबाजूला, जिथं नाडी लागते तिथं कुणीही दाबायचं नाही. तिथं मेंदूकडे जाणारी मोठी धमनी आहे, आणि तिच्यावर दाब आला की नाडी मंदावून माणूस भोवळ येऊन पडू शकतो.

पहिलं: कवटीची खालची कड

डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली दोन्ही बाजूंना चार-चार लहान स्नायू असतात. त्यांना सबऑक्सिपिटल म्हणतात. पाठ गोल करून मोबाइल बघताना मान पुढे जाते आणि नजर पडद्यावर राहावी म्हणून हनुवटी किंचित वर उचलली जाते. ती उचलून धरण्याचं काम यांचं. मानेतून निघून भुवईपर्यंत किंवा डोळ्यामागे जाणारी डोकेदुखी बऱ्याचदा इथूनच निघते.

ज्याची मान दुखते त्याला उताणं झोपवा, उशी काढा, गुडघ्यांखाली उशी द्या. तुम्ही डोक्याच्या बाजूला बसा आणि दोन्ही कोपरं जमिनीला टेकवा. कोपरं टेकलेली नसतील तर दीड मिनिटात तुमचेच हात थरथरतात आणि ती थरथर त्याच्या मानेत जाते. तळवे वर करून दोन्ही हात डोक्याखाली घाला. बोटांच्या टोकांनी आधी कवटीचं हाड चाचपा, मग हळूहळू मानेकडे सरका. हाड संपून मऊ भाग सुरू होतो तिथं थांबा. मधल्या रेषेपासून दोन्हीकडे दोन-तीन सेंटिमीटर. आता बोटं छताकडे वळवून खुंट्यांसारखी उभी करा आणि डोक्याचं वजन त्यांच्यावर येऊ द्या.

इथून पुढे काही करायचं नाही, आणि हेच लोकांना जमत नाही. दाबू नका, फिरवू नका, चोळू नका. पाच किलोचं डोकंच तुमच्या बोटांवर दाब देतंय. पहिला एक मिनिट बोटांना घट्ट चामडं लागल्यासारखं वाटतं. साधारण ६० ते ९० सेकंदांनंतर ते लोणी उन्हात ठेवल्यासारखं बसायला लागतं आणि डोकं जरा जड होऊन तळव्यांत उतरतं. अजून एक मिनिट तसंच. मग बोटं त्याच जागी ठेवून डोकं स्वतःकडे, जमिनीला समांतर, किलो-दीड किलो जोराने हलकं ओढून धरा. वीस सेकंद ओढा, दहा सेकंद सोडा, तीन वेळा. शेवटी बोटं झटकन काढू नका. डोकं हळू जमिनीवर ठेवा.

हे बिघडतं ते बहुतेक एकाच कारणाने: बोटं कवटीच्या कडेऐवजी मानेच्या मधल्या मणक्यांवर जातात, आणि मग मान मागे मोडल्यासारखी होते. तशी झाली की हनुवटी छताकडे वर गेलेली दिसेल. हनुवटी कपाळापेक्षा किंचित खाली असायला हवी. कपाळात किंवा डोळ्यामागे ओळखीचा ठणका आला तर हरकत नाही, तो मिनिटभरात ओसरतो. चक्कर, मळमळ, अंधारी आली तर थांबा आणि ही कृती पुन्हा करू नका.

एकट्याने करायचं असेल तर दोन टेनिसचे चेंडू मोज्यात घालून गाठ मारा, चेंडू एकमेकांना चिकटलेले हवेत. उताणं झोपून ते कवटीच्या कडेखाली ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं पडून राहा. क्रिकेटचा लेदर बॉल वापरू नये. तो स्नायू न दाबता हाडाला रुततो.

दुसरं: फऱ्याचा आतला कोपरा

मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून फऱ्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्याला चिकटणारा स्नायू म्हणजे लेव्हेटर स्कॅप्युली. "मान वळवली की इथं चमक मारते" म्हणून माणूस जिथं बोट ठेवतो ती जागा बहुतेक हीच असते. स्कूटरवर फोन कान आणि खांद्यात दाबून बोलणाऱ्यांचा त्या बाजूचा हा स्नायू दगड झालेला असतो.

माणसाला खुर्चीवर बसवून समोर टेबलावर हात आणि हातांवर कपाळ टेकवायला लावा. कोपरा सापडत नसेल तर त्या बाजूचा हात पाठीमागे कमरेवर न्यायला सांगा, फरा बाहेर उचलला जातो आणि कोपरा बोटाला लागतो. त्या कोपऱ्याच्या एक बोट वर आणि आत, दोरीसारखं काही अंगठ्याखाली घसरतं तिथं थांबा. हात परत टेबलावर.

तीन-चार सेकंद घेऊन दाब वाढवत दोन ते तीन किलोपर्यंत जा आणि धरून ठेवा. तीस ते साठ सेकंदांत दुखणं सहावरून तीनपर्यंत उतरलं पाहिजे. उतरलं की तसूभर सरकून पुन्हा, असे तीन वेळा. मिनिट झाला तरी दुखणं उतरत नसेल तर तुम्ही हाडावर आहात किंवा जोर फार आहे. जोर अर्ध्यावर आणा. "अजून जोरात, जाऊ दे एकदाचं" ही मागणी ऐकायची नाही. उद्या काळंनिळं होतं आणि चार दिवस हात लावू देत नाहीत. शेवटी दोन थेंब तेल लावून त्या कोपऱ्यापासून मानेच्या बाजूने कानाच्या मागच्या दिशेला अंगठा अगदी सावकाश सरकवा. दहा सेंटिमीटरला दहा सेकंद, पाच वेळा. कानाखाली तीन बोटं राहिली की थांबायचं.

मग ताण: त्या बाजूचा हात मांडीखाली घालून त्यावर बसायचं, मान विरुद्ध बाजूला ४५ अंश वळवायची आणि त्याच विरुद्ध बाजूच्या शर्टाच्या खिशाकडे बघायचं. दुसरा हात डोक्यावर फक्त ठेवायचा, ओढायचं नाही. वीस ते तीस सेकंद, तीन वेळा. इथं एक अडचण आहे. दिवसभर मान पुढे असते तेव्हा हा स्नायू आधीच ताणलेला असतो. म्हणून ज्यांना ताण दिल्यावर दहा मिनिटंच बरं वाटतं आणि मग आधीपेक्षा जास्त ठणकतं, त्यांनी ताण देणं बंद करून थेट व्यायामाकडे जावं. यूट्यूबवर बघून दिवसातून पन्नास वेळा मान ओढणारे बरेचसे या गटातले.

तिसरं: ती ओरडणारी पट्टी

मागे उभं राहून खांद्यावर वरून अंगठा रोवण्याची पद्धत सोडा. हसळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या, वरच्या खळग्यात हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा आहे, आणि अंगठा पुढे घसरला की हाताला झिणझिण्या येतात. त्याऐवजी चिमूट: अंगठा मागे, चार बोटं पुढे, पट्टी कणकेच्या गोळ्यासारखी उचलून धरायची. चिमटीत जिथं गाठ लागते तिथं तीस-चाळीस सेकंद धरायचं. पट्टीच्या तीन जागा पुरे.

लगेच स्नायू आवळून सोडायला लावा. तुमचा हात त्याच्या खांद्यावर; त्याने खांदा कानाकडे उचलायचा प्रयत्न करायचा, पण एक पंचमांश ताकदीनेच, आणि तुम्ही तो हलू द्यायचा नाही. सात ते दहा सेकंद. मग त्याने लांब श्वास सोडत खांदा सैल टाकायचा. चार वेळा. पूर्ण ताकद लावली की हा स्नायू उलट आखडतो, म्हणून "कागद उचलतोय इतकाच जोर" असं सांगावं.

छाती आणि पाठ

छातीचं काम थोडक्यात. हसळीच्या बाहेरच्या टोकाखाली खांद्याच्या पुढे एक टोकदार हाड लागतं. त्यावर दाबायचं नाही. तिथून दोन-तीन बोटं खाली आणि आत, बरगड्यांवर तळव्याचा मऊ भाग ठेवून मिनिटभर सपाट दाब. हे स्वतःच्या विरुद्ध हाताने सहज करता येतं, आणि बायकांनी तसंच करावं. मग दाराच्या चौकटीला कोपरापासून हात टेकवून एक पाऊल पुढे, तीस सेकंद, तीनदा. हात बधिर वाटला तर कोपर खांद्याच्या पातळीखाली आणा.

पाठीसाठी मोठा टॉवेल घट्ट गुंडाळून दहा-बारा सेंटिमीटर जाडीची वळकटी करा, दोन ठिकाणी रबरबँड लावा. ती फऱ्यांच्या खालच्या टोकांच्या रेषेत आडवी ठेवून तिच्यावर उताणं झोपा, गुडघे वाकलेले, दोन्ही हातांनी डोक्याला मागून आधार. श्वास सोडत पाठ वळकटीवरून मागे जाऊ द्या. सात-आठ वेळा. मग वळकटी दोन बोटं वर, पुन्हा तेच. अशा तीन जागा. मानेखाली किंवा कमरेखाली वळकटी न्यायची नाही. कमरेतून कमान होत असेल तर पोट आत घ्या. "ही मधली पाठ कशाला, दुखते तर मान" असं वाटतं खरं, पण मधली पाठ गोल राहिली की डोकं खांद्यांवर बसूच शकत नाही, ते पुढेच लोंबतं.

यानंतर मान वळवताना अजून अडत असेल तर पंचाची एक युक्ती करून बघा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मलिगन यांनी रुळवलेल्या पद्धतीचं हे घरगुती रूप. समजा उजवीकडे वळताना अडतंय. पातळ पंचाची काठाची बाजू मानेमागे, जिथं अडल्यासारखं वाटतं त्या मणक्यावर ठेवा. उजवीकडून आलेलं टोक डाव्या हाताने छातीवर खाली धरून ठेवा. डावीकडून आलेलं टोक उजव्या हातात घ्या आणि डाव्या गालाला समांतर, डोळ्याच्या दिशेने पुढे ओढा. ओढ कायम ठेवून मान उजवीकडे वळवा, परत मधे आणा, मगच ओढ सोडा. सहा वेळा. अट एकच: अजिबात दुखता कामा नये. दुखलं तर पंचा एक मणका वर किंवा खाली सरकवा. तरीही दुखलं तर ही युक्ती तुमच्यासाठी नाही. डावीकडे अडत असेल तर सगळं उलट.

कट्ट आवाज

केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान मोडून घेणारे अजून आहेत. सांधा झटकन ताणला की त्यातल्या द्रवात पोकळी तयार होते आणि आवाज येतो. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. मेंदूला मागून रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्याच भोकांतून वर जातात, आणि सर्वांत वरच्या मणक्यावर वळसा घेतात. मान मागे नेऊन झटक्याने फिरवली तर त्या वळशात धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, आणि पक्षाघात त्याच वेळी नाही, काही तासांनी किंवा दिवसांनीही येऊ शकतो. असं क्वचित होतं, पण झालं की परत फिरणं नाही. दिल्लीत २०१७ साली मान मोडून घेतल्यानंतर श्वासपटलाची नस निकामी झाल्याची बातमी आली होती. घरी कुणीही कुणाची मान मोडायची नाही, स्वतःची स्वतःही नाही.

फिजिओथेरपिस्ट सांध्यांवर काम करतात तेव्हा मणक्याला अंगठ्याने लयीत, थोडं-थोडं, हिसका न देता हलवतात. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलँड यांनी त्याच्या एक ते चार पायऱ्या ठरवल्या: दुखणं जास्त असेल तर पहिल्या दोन, आखडलेपणा जास्त असेल तर पुढच्या दोन. पुस्तक वाचून करायचं हे काम नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते, ती आहे का ते विचारायला संकोच नको. पहिल्या भेटीत मान मोजली नाही, हात लावला नाही, नुसतं मशीन लावून दहा दिवसांचं पॅकेज हातात दिलं, तर दुसरं दार बघा.

सैल झालेल्या तासांत

मान मोकळी वाटू लागली की माणूस पुन्हा मोबाइल उघडतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. त्याच दिवशी, शक्य तर लगेच, पुढचे दोन व्यायाम.

मानेच्या पुढच्या बाजूला खोलवर, मणक्यांना चिकटून जे स्नायू असतात ते डोकं सावरतात, आणि मान दुखणाऱ्यांत ते बऱ्याचदा सुस्त झालेले सापडतात. उताणं झोपा, डोक्याखाली दोन बोटं जाडीची घडी. आता "हो" म्हणताना हलते तितकीच हनुवटी हलवा. डोकं उचलायचं नाही, मागे दाबायचं नाही. कानामागून हसळीकडे येणाऱ्या दोऱ्यांवर दोन बोटं ठेवा. त्या फुगल्या तर जोर जास्त होतोय. दहा सेकंद धरा, दहा वेळा. पहिल्या आठवड्यात पाच सेकंदांतच थरथर सुरू होईल. तेवढ्यावरच थांबा आणि रोज एक सेकंद वाढवा. दोन आठवड्यांनी हनुवटी तशीच आत ठेवून डोकं जमिनीपासून फक्त दोन-तीन सेंटिमीटर उचलून किती वेळ राहता ते घड्याळावर बघा. निरोगी पुरुषांची सरासरी ४० सेकंदांच्या आतबाहेर, बायकांची ३० च्या आसपास. हनुवटी वर सुटली की घड्याळ बंद.

दुसरा: एक-एक लिटरच्या भरलेल्या बाटल्या घेऊन कमरेतून थोडं वाका आणि कोपरं मागे नेत फरे एकमेकांकडे आणि खाली खेचा. बारा वेळा, दोन फेऱ्या. खांदे कानाकडे चढले तर त्याच ओरडणाऱ्या पट्टीला काम मिळतं, म्हणून आधी खांदे खाली सोडायचे आणि मगच खेचायचं.

मोबाइल सोडा म्हणण्यात अर्थ नाही, तो कुणी सोडत नाही. बसून बघताना कोपरं पोटावर किंवा मांडीवरच्या बॅगेवर टेका, म्हणजे पडदा छातीपर्यंत वर येतो. लोकलमध्ये उभं असताना सॅक पुढे घ्या आणि फोनचा हात तिच्यावर टेकवा. लांबलचक मेसेज बोलून टाइप करा, मराठीतही चांगलं उमटतं. पालथं झोपून, कोपरांवर छाती उचलून बघणं सर्वांत वाईट. कुशीवर झोपणाऱ्यांची उशी खांदा ते कान इतक्या जाडीची हवी, उताणं झोपणाऱ्यांची आठ-दहा सेंटिमीटर. वीस मिनिटांनी एकदा नजर छताकडे आणि खांदे गोल पाच वेळा. रील्सना घड्याळ नसतं, म्हणून गजर लावा.

हाताचं काम दिवसाआड, एका वेळी २० ते २५ मिनिटं. दुसऱ्या दिवशी व्यायाम केल्यासारखं अंग दुखेल, ते ४८ तासांच्या आत जायला हवं. त्याहून जास्त टिकलं तर पुढच्या वेळी जोर आणि वेळ दोन्ही निम्मे. सकाळी उठता उठता मान धरली असेल, मुळीच वळत नसेल, तर पहिले दोन दिवस अंगठा लावायचाच नाही; शेक, कवटीखालचं नुसतं धरणं आणि न दुखेल इतकंच हलवणं. सहा वेळा करून झाल्यावर टेपने पुन्हा मोजा. अंतर एक सेंटिमीटरनेही कमी झालं नसेल, किंवा दुखणं खांद्यावरून हातात उतरू लागलं असेल, तर सातव्यांदा स्वतः करू नका. ती वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा.